चारचाकी की स्कूटर: युनिट कोण जास्त खातं? (कोकणातल्या रस्त्यावरचा हिशोब)

सड्यावरचा

शिमग्याला पालखी घरी येऊन गेली, त्या रात्री ओटीवर मेव्हण्याशी वाद झाला. तो म्हणाला, "इलेक्ट्रिक ती इलेक्ट्रिक, गाडी काय आणि स्कूटर काय, वीज स्वस्तच." मी म्हटलं, तसं नाही. पण किती नाही, ते मलाही सांगता येईना. म्हणून मोजलं.

आमच्याकडे दोन्ही आहेत. ३०.२ युनिटची बॅटरी असलेली जुनी नेक्सॉन, सेकंडहँड घेतलेली. आणि वडिलांची स्कूटर, साडेतीन युनिटची. घर गुहागर तालुक्यात सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, म्हणजे कुठेही जायचं तर आधी उतार, मग खाडी, मग परत चढ. रस्ता नेहमीचा, घर ते चिपळूण आणि परत, ९२ किलोमीटर. दोन्ही वेळा मी एकटाच. वेग ४५च्या आसपास, त्याहून जास्त त्या रस्त्यावर जातही नाही.

पहिल्या दिवशी गाडीचा आकडा १९ युनिट आला. हबकलोच. मग लक्षात आलं, विहिरीचा पंप त्याच मीटरवर आहे आणि आईने माडांना पाणी सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी वायरमनकडून चार्जिंगच्या पॉइंटला वेगळा सब-मीटर बसवून घेतला. फुल चार्ज करून निघायचं, परत येऊन फुल करायचं, मधे जितके युनिट गेले तितके खरे. दोन-दोन वेळा केलं.

स्कूटर: ३.३ युनिट. गाडी: १३.४ युनिट.

म्हणजे १०० किलोमीटरला स्कूटर ३.६ आणि गाडी १४.६. चारपट. इतका फरक बरोबर आहे का? का माझ्या गाडीतच काही गडबड आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कुडाळचो_झील

गाडी चार पट खाता ता खरा, पन पावसात भिजवता काय? गेल्या आषाढात स्कुटरीवरसून कुडाळाक गेलंय, रेनकोट आंगात आसान चड्डीपर्यंत भिजलंय. ह्येचो हिशोब खंयच्या मीटरात मांडतलास?

जुना_फिटर

गाडीत गडबड नाही. आकडे चोख आहेत, उलट तुझ्या रस्त्याला १४.६ म्हणजे पाय हलका आहे तुझा.

आता कारण. गाडी सपाटीवर पळते तेव्हा दोनच गोष्टी तिला मागे ओढतात, टायर आणि वारा. टायरची ओढ वजनावर जाते. तुझी गाडी तुला धरून दीड टन, स्कूटर तुला धरून दोनशे किलो. कागदावर मांडलं तर १०० किलोमीटरला नुसत्या टायरपायी गाडीचे सव्वाचारेक युनिट जातात, स्कूटरचं एकही पुरतं जात नाही, ०.८ धर.

वाऱ्याचं मात्र वेगळं आहे, आणि इथे बहुतेक जण फसतात. स्कूटर लहान म्हणून तिला वारा कमी लागत असेल असं वाटतं. पण गाडी घासून-पुसून गुळगुळीत केलेली असते. स्कूटरवर माणूस ताठ बसलेला, शर्ट फडफडतोय, हँडल, आरसे, पाय, सगळं वाऱ्यात. म्हणून वाऱ्याच्या बाबतीत स्कूटर गाडीच्या पाऊणपट तरी खाते. ताशी ४०ला गाडीचे दीड युनिट, स्कूटरचं सव्वाच्या आत.

वेग वाढला की टायरची ओढ जवळपास तेवढीच राहते, वाऱ्याची वर्गाने वाढते. ४०चे ७० केलेस की वारा तिप्पट. गाडीचे दीडचे साडेचार होतात, स्कूटरचे ३.४. आता टायर मिळवून बेरीज कर. ४०ला गाडी ५.८, स्कूटर १.९, म्हणजे तिप्पट. ७०ला गाडी ८.८, स्कूटर ४.२, म्हणजे दुप्पटच. हे सगळं चाकापाशी लागणारं. मोटर, कंट्रोलर आणि चार्जरमधे जाणारं वर धरायचं, शिवाय चढ, ब्रेक आणि एसी. तुझी चौपट तिथून येते.

स्कूटरच्या टायरची हवा शेवटची कधी बघितलीस?

सड्यावरचा

काका, हवा... बघतो. :)

शाळामास्तरीण

पण माणशी हिशोब कुठे आहे? तुम्ही दोन्ही वेळा एकटे गेलात. एकट्याने चारचाकी नेणं म्हणजे एका माणसासाठी पंगतीचा टोप चुलीवर चढवणं. आम्ही चौघी शिक्षिका देवगडहून एकाच गाडीने शाळेत जातो, १८ किलोमीटर. पेट्रोल चौघींत वाटून घेतो. तुमच्या १४.६ला चाराने भागा, ३.६५ येतात. स्कूटरवर एकटं जाणाऱ्या माणसाचे ३.६. झाली की बरोबरी!

हर्णै_बंदर

ताई, मग स्कूटरवरही दोघं बसवा की. स्कूटर दुपटीने पुढे.

शाळामास्तरीण

बसवा. माझी एक मैत्रीण साडी नेसते आणि चौथीला कंबरदुखी आहे. तुम्ही या समजवायला.

जुना_फिटर

ताईंचा मुद्दा पक्का आहे. सड्यावरच्या, चौघांना घेऊन गाडी आणि दोघांना घेऊन स्कूटर, असं एकदा मोज.

शंकासुर

सगळे हिशोब मीटरपासून सुरू होतायत, हीच तर मेख आहे. वीज येते कुठून? जयगडला १२०० मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प उभा आहे. देशातली पाऊणच्या आसपास वीज कोळशाची. कोळशातली ३५ टक्के ऊर्जा विजेत उतरते, बाकी वाफ आणि गरम पाणी होऊन जाते. तारांमधे आणखी गळते. तुमच्या घरी १ युनिट पोचायला कोळशातले तीन-सव्वातीन जळालेले असतात. मग कसली कार्यक्षमता?

जुना_फिटर

शंकासुरा, सोंग छान आणलंस, पण पुढे मोज ना. लिटरभर पेट्रोलमधे साधारण ९ युनिट ऊर्जा असते. ४५चं अ‍ॅव्हरेज देणारी पेट्रोल स्कूटर १०० किलोमीटरला २.२ लिटर पिते, म्हणजे २० युनिट. इलेक्ट्रिक स्कूटरचे ३.६. तुझ्या म्हणण्याप्रमाणे सगळी वीज कोळशाची धरली, तरी तीस टक्क्यांनी भागून १२. निम्म्याच्या जवळ.

गाडीचं मात्र तुझ्या बाजूने जातं, ते कबूल करायला हवं. १७चं अ‍ॅव्हरेज देणारी पेट्रोल गाडी ५.९ लिटर, म्हणजे ५३ युनिट. इलेक्ट्रिक गाडीचे १४.६, कोळशापासून मोजले तर जवळजवळ ४९. फारसा फरक नाही. कच्चं तेल शुद्ध करायला आणि टँकरने इथवर आणायला जे जळतं ते मी यात धरलेलं नाही, ते धरलं की पेट्रोल आणखी मागे पडतं. तरी मोठी गाडी एकट्याने फिरवायची आणि वर पर्यावरणाचं पुण्य घ्यायचं, हे माझ्याही मनाला पटत नाही.

पायंडल_मार

आणि कोयनेला विसरलात! १९६० मेगावॉट, त्यातलं बहुतेक आपल्या चिपळूणजवळ, पोफळीच्या आसपास. घाटावरचं पाणी बोगद्यातून खाली येतं, वीज देतं आणि वाशिष्ठीला मिळतं. तिथे कोळसा नाही आणि वाफही नाही.

शंकासुर

कोयनेची वीज तुझ्याच घरी येते असं तारेवर लिहिलंय का? सगळं एकाच ग्रिडमधे कालवलेलं असतं. पण स्कूटरचा मुद्दा मान्य. गाडीचा अर्धा मान्य.

मुंबईकर_चाकरमानी

गणपतीला गावी येताना मी गाडीच आणतो, नाहीतर आई, मखराचं सामान, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान आणि तीन पोरं कशात घालणार. माझा प्रश्न वेगळा आहे. महामार्गाच्या कामात रखडलो की एसी चालू ठेवून उभं राहायचं. तेव्हा किती जातं?

जुना_फिटर

भाद्रपदात, काचा बंद आणि पाच माणसं आत, तर तासाला एक युनिट धर, उन्हात उभा असशील तर जास्तही. गंमत अशी की गाडी जितकी हळू, तितका एसीचा वाटा मोठा. ताशी ७०ला १०० किलोमीटरमधे एसीचे दीड युनिट जातात, ताशी ३०ला सव्वातीन. पावसात काचेवर वाफ धरते म्हणून एसी बंदही ठेवता येत नाही. स्कूटरला ही भानगडच नाही, एसी देव चालवतो. कुडाळच्या झिलाला विचार.

कुडाळचो_झील

देव चालवता आणि बंदय करीत नाय.

हर्णै_बंदर

घाटाचं कुणी बोललंच नाही. आमच्याकडे कुठेही जायचं तर चढ. माझा एक मित्र आंबोलीला स्कूटर घेऊन गेला, दोघे होते, वर पोचेपर्यंत बॅटरी इतकी झपाट्याने उतरली की तो घाबरला. गाडीवाले मात्र आरामात.

जुना_फिटर

हे शाळेतल्या गणिताने सुटतं. सावंतवाडीकडून आंबोलीला चढ साधारण ६०० मीटर धर. गाडी माणसांसकट १६०० किलो. १६०० गुणिले ९.८ गुणिले ६००, आले ९४ लाख ज्यूल. एका युनिटात ३६ लाख. म्हणजे नुसतं ते वजन वर उचलायला २.६ युनिट. स्कूटर दोघांसकट २७० किलो, तिला ०.४४.

आता बॅटरीशी ताडून बघ. गाडीच्या ३० युनिटांत २.६ म्हणजे ९ टक्के. मित्राची स्कूटर ३ युनिटांची धर, तर त्यात ०.४४ म्हणजे १५ टक्के. स्कूटर एकूण कमीच खाते, पण तिची कळशीच लहान, म्हणून चढावर काटा भराभर उतरतो. मित्र घाबरला त्यात त्याची चूक नाही, आणि स्कूटरचीही नाही.

उतरताना मात्र गाडी जिंकते. ब्रेक न दाबता मोटरच मागे ओढते आणि बॅटरी भरते, चढताना घातलेलं बरंचसं परत मिळतं. स्कूटरमधेही ती सोय बऱ्याच मॉडेलना असते, पण परतावा थोडा. एक मात्र सांगतो, आंबोलीत वर फुल चार्ज करून खाली निघू नका. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतलं तर ते सांडणारच. तिथे मोटरची ओढ कमी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

देवगडचा_बागायतदार

मी आंब्याच्या पेट्या वाहतो. पाच डझनी पेटी, वीसेक किलो. स्कूटरवर पुढे एक, मागे बांधून एक, त्यापुढे जीव धोक्यात. गाडीच्या डिकीत आणि मागच्या सीटवर मिळून १४ पेट्या बसतात. आता माणशी सोडा, पेटीमागे मोजा. १४ पेट्यांना स्कूटरच्या सात खेपा. २० किलोमीटरवर वखार, जाऊन-येऊन ४०, सात खेपांचे २८०, म्हणजे १० युनिट. गाडीची एकच खेप, ६ युनिट. स्कूटर हरली की नाही? शिवाय माझा दिवस वाचला. एप्रिलमधे दिवसाची किंमत युनिटात होत नाही.

जुना_फिटर

वा! हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पायंडल_मार

इतकं बोललात, तर माझीही एक भर. इलेक्ट्रिक सायकल. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५च्या आत असेल तर नंबरप्लेट लागत नाही, लायसन्स लागत नाही. १०० किलोमीटरला एक युनिट. स्कूटरच्या पावपट! अर्थात पायंडल मारावं लागतं. ती ऊर्जा भाकरीतून येते आणि आपलं शरीर तिच्यातला पाव भागच पायांना देतं, बाकी घाम. तेव्हा शंकासुराला भाकरीचा हिशोबही मागता येईल.

शंकासुर

भाकरीत तांदळाची आणि नाचणीची वेगळी लावणार का?

खाडीकाठ

अवांतर आहे, पण लिहितेच. दापोलीहून गुहागरला जायचं तर आम्ही दाभोळला फेरीबोटीत स्कूटर चढवतो आणि धोपाव्याला उतरतो. चिपळूणमार्गे वळसा घेतला तर १०० किलोमीटरच्या वर जातं, बोटीने निम्म्याहून कमी. एवढे युनिट कुठल्याच मोटरने वाचणार नाहीत. आणि मुंबईला जायचं असेल तर कोकण रेल्वे आहेच. ७४१ किलोमीटरचा मार्ग २०२२मधे पुरता विजेवर आला. तेव्हा चाकरमान्यांनी इलेक्ट्रिक गाडी आणली नाही म्हणून मन खायला नको.

मुंबईकर_चाकरमानी

तिकीट मिळालं तर ना, बाई! गणपतीचं आरक्षण उघडतं आणि डोळ्यादेखत वेटिंगला जातं.

हर्णै_बंदर

बिलाचंही बघा. आमच्या बिलात १०० युनिटांच्या वर दर चढतो, ३००च्या वर आणखी चढतो. घराचे ९० युनिट असले आणि महिन्याला १००० किलोमीटर स्कूटर चालवली, तर ३६ वाढतात, १२६ होतात. तेवढीच गाडी चालवली तर १४६ वाढतात, २३६. वरचे सगळे चढ्या दराचे. पंखे-फ्रिज जास्त असलेल्या घरात ही बेरीज ३००च्याही पुढे जाते. म्हणून "वीज स्वस्त" असं म्हणणाऱ्याला आधी त्याचं बिल दाखवायला सांगावं.

देवगडचा_बागायतदार

सोलर लावा. एक किलोवॉटचं पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतं, पावसाळ्यात बरंच कमी. स्कूटर रोज १०० किलोमीटर फुकट.

खाडीकाठ

त्यात एक खोच आहे. निसर्ग वादळ आलं, ३ जून २०२०ला, तेव्हा आमच्याकडे कितीतरी दिवस लाइट नव्हते. शेजाऱ्यांच्या छपरावर पॅनल होतं, शाबूत होतं, ऊन पडलेलं होतं, आणि तरी घरात अंधार. बॅटरीशिवायचं साधं ऑनग्रिड (लाइनला जोडलेलं) सोलर लाइन गेली की आपोआप बंद होतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. ते पॅनल बघून त्या काकांनी जो काही उद्धार केला, तो इथे लिहिता येणार नाही.

कुडाळचो_झील

आमच्या हयसर खाऱ्या वाऱ्यान स्कुटरीचो स्टँड गंजलो. चार्जिंगच्या पिनीर हिरवा चढला. दुकानदारान पार्ट मागवलो, तीन आठवडे झाले, "येता, येता" म्हणता. तवसर बापाशीची जुनी पेट्रोलची काढलंय. युनिटा शून्य!

जुना_फिटर

पिन कोरड्या फडक्याने पुसून घे, आणि चार्जिंगची जागा पागोळीपासून लांब ठेव. बॅटरीला आयपी ६७ असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते, पण ते गोड्या पाण्यात आणि नव्या रबरावर तपासलेलं. खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने हलकं धुवायचं, प्रेशरने नाही.

सड्यावरचा

दीड महिन्याने परत आलो. सगळ्यांनी सांगितलेलं करून बघितलं.

आधी चौघं. मी, बायको, मेव्हणा आणि त्याची बायको, त्याच चिपळूणच्या रस्त्याने. गाडीचे १०० किलोमीटरला १५.२ आले, माणशी ३.८. चौघांसाठी दोन स्कूटर हव्यात म्हणून शेजाऱ्याची तसलीच आणली, तिच्यावर मेव्हणा आणि त्याची बायको. प्रत्येक स्कूटर ४.१, माणशी दोनच्या थोडं वर. म्हणजे सड्यावरच्या रस्त्याला भरलेली गाडीसुद्धा स्कूटरशी बरोबरी करत नाही. मास्तरीणबाई, तुमच्या चौघींपैकी दोघींनी तरी विचार करा.

मग महामार्गावर ७० धरून गेलो. दोघांना घेऊन स्कूटर ५.९, चौघांना घेऊन गाडी १४.१. माणशी २.९५ आणि ३.५. तिथे फारसं अंतर उरत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या वेगाने शेजारून ट्रक गेला की स्कूटरवर पोटात गोळा येतो, तो मीटरवर येत नाही.

घरचं आता असं ठरलंय. बाजार, दवाखाना, शाळा, बँक, सगळं स्कूटरने. गाडी तिघं असतील तर, किंवा आंबा-काजूचं ओझं असेल तर, किंवा पाऊस धो-धो असेल तर. गेल्या महिन्यात गाडीचं चार्जिंग ११० युनिटांवरून ४०वर आलं. बिल अजून यायचंय.

आणि काका, हवा बघितली. स्कूटरच्या मागच्या चाकात स्टिकरवर लिहिलंय त्याच्या पाव भागाने कमी निघाली. भरून परत चिपळूणला गेलो, एकटाच. ३.३चे ३.१ झाले. थोडा वाऱ्याचा वाटाही असेल, त्या दिवशी पडलेला होता.

जुना_फिटर

मी काय म्हणत होतो! आता गाडीची बघितलीस का?

सड्यावरचा

मेव्हणाही हेच विचारतोय, शेजारी बसून. उठलोय पंप शोधायला.